पुरावा गेटपर्यंत आणा, पुढचं उत्तर त्यांनी द्यायचं : प्रदूषणाविरुद्ध कोर्टात जाणं म्हणजे नेमकं काय

गोष्ट १९५९ ची आहे. जपानमध्ये समुद्रकाठी मिनामाता नावाचं गाव, तिथे चिस्सो नावाची केमिकल कंपनी, आणि कंपनीच्याच हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा. तीन वर्षांपासून आसपासच्या मच्छीमार वस्त्यांमध्ये एक विचित्र आजार दिसत होता, हातपाय थरथरायचे, जीभ जड व्हायची, नजर आखडत जायची, माणसं मरत होती, आणि माणसांच्या आधी तिथली मासे खाणारी मांजरं गोल गोल फिरून, झटके येऊन मरत होती. डॉक्टरांनी फॅक्टरीतून बाहेर पडणारं सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात मिसळून रोज द्यायला सुरुवात केली. प्रयोगाच्या वहीत त्या मांजराचा नंबर होता ४००. ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला अगदी तोच आजार झाला.

डॉक्टरांनी हे कंपनीत वरपर्यंत सांगितलं, आणि कंपनीने तो प्रयोग थांबवायला लावून रिझल्ट दाबून ठेवला. वर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेशंट आणि त्यांच्या घरच्यांशी एक करार केला. सहानुभूती म्हणून थोडे पैसे द्यायचे, आणि त्यात एक कलम असं टाकलं की पुढेमागे हा आजार आमच्या सांडपाण्यामुळेच झाला असं ठरलं तरी तुम्ही जास्तीची भरपाई मागायची नाही. लोकांनी सह्या केल्या. ४०० नंबरच्या मांजराबद्दल त्यांना काहीच माहिती नव्हतं ना. त्यानंतर १९६८ पर्यंत, म्हणजे आणखी नऊ वर्षं, पारा मिसळलेलं तेच सांडपाणी सोडणं चालूच राहिलं.

१९६९ मध्ये काही कुटुंबं कोर्टात गेली. १९७० मध्ये होसोकावा कॅन्सरने शेवटच्या टप्प्यात होते, त्यांनी हॉस्पिटलच्या पलंगावरून साक्ष दिली आणि मांजराची गोष्ट कोर्टाच्या रेकॉर्डवर आली. मार्च १९७३ मध्ये निकाल लागला, कंपनी दोषी, आणि तो सहानुभूतीचा करार नीतिमत्तेला धरून नाही म्हणून रद्द.

या गोष्टीत कोर्टाने कुठलाच नवीन शोध लावलेला नाही. पाण्यात विष आहे हे कळलेलं होतं, फक्त ते ज्यांना कळलं होतं ते गप्प होते आणि जे भोगत होते त्यांच्या हातात कागद नव्हता. कोर्टाने दोन कामं केली, दाबलेली माहिती सगळ्यांसमोर आणली आणि उत्तर द्यायची जबाबदारी कुणाची ते ठरवलं. पर्यावरण आणि आरोग्याच्या केसेसबद्दल एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं समजायला सोपं जातं.

आता ‘केस करायची’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात बरेच वेगवेगळे प्रकार येतात. नुकसान होऊन गेलंय, आजार झालाय, शेत गेलंय, विहीर खराब झालीये, तर भरपाईचा दावा. नुकसान चालू आहे किंवा होणार आहे, तर थांबवा म्हणून मनाई हुकूम, ज्याला सगळे स्टे म्हणतात. सरकारने परवानगी चुकीची दिली असेल तर त्या परवानगीलाच आव्हान. आणि सरकारने स्वतःच केलेला कायदा सरकारच पाळत नसेल तर सरकारविरुद्ध केस. फौजदारी केस हा अजून वेगळा रस्ता, त्यात शिक्षा होते पण पुरावाही खूप पक्का लागतो, शंकेला जागा राहून चालत नाही. दिवाणी केसमध्ये तसं नसतं, तिथे ‘असं झालं असण्याची शक्यता जास्त आहे’ एवढं पटवलं तरी पुरतं. हा फरक खूप लोकांना माहित नसतो आणि ‘शंभर टक्के सिद्ध कसं करणार’ म्हणून ते घरीच बसतात.

तरीपण सगळ्यात अवघड भाग पुराव्याचाच असतो. एखाद्याने हातोडा मारला आणि पाय मोडला तर भांडायला फारसं काही उरत नाही. पण विष हवेतून येतं, पाण्यातून येतं, दहा-वीस वर्षांनी आजार बाहेर येतो आणि तोच आजार इतर कारणांनीही होतो. समोरचा वकील विचारतो, याला कॅन्सर आमच्यामुळेच झाला कशावरून, हा सिगरेट ओढत होता, याच्या घराण्यात आहे, नदीच्या वरच्या बाजूला दुसरी फॅक्टरी आहे. आणि हे प्रश्न खोटे नसतात बरं का, म्हणून तर अवघड आहे.

यावर मला सगळ्यात आवडलेलं उत्तर जपानमधल्याच दुसऱ्या एका केसमधलं आहे. निगाता भागात आगानो नदीच्या काठी १९६५ मध्ये मिनामातासारखाच आजार सापडला. नदीच्या वरच्या अंगाला शोवा देन्को कंपनीची फॅक्टरी. कंपनीचं म्हणणं असं की हे आमचं नाही, १९६४ च्या भूकंपात शेतीची औषधं नदीत वाहून गेली त्याचं आहे. आणि फॅक्टरीचा तो विभाग तोपर्यंत बंद झालेला, प्रक्रियेचे आराखडे नष्ट केलेले. मग आत काय चालत होतं हे बाहेरचा मच्छीमार सिद्ध कसं करणार?

१९७१ च्या निकालात कोर्टाने हा प्रश्न तीन तुकड्यांत फोडला. हा आजार कशामुळे होतो? ते विष माणसापर्यंत कुठल्या वाटेने आलं? आणि ते विष फॅक्टरीत कसं तयार झालं आणि बाहेर कसं पडलं? कोर्ट म्हणालं, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पीडितांनी द्यावीत, माशातून माणसात, पाण्यातून माशात असा माग काढत काढत त्यांनी फॅक्टरीच्या गेटपर्यंत यावं. गेटच्या आतलं त्यांच्याकडून मागणं हा अन्याय आहे, आत काय चालतं ते कंपनीला माहिती, त्यामुळे ‘आमच्याकडून गेलं नाही’ हे आता कंपनीने सिद्ध करायचं. कंपनीला ते जमलं नाही.

मला हे फार मोठं वाटतं. कारण यात कोर्टाने पुरावा नको असं म्हटलं नाही, फक्त ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती मांडायची, एवढी साधी गोष्ट मान्य केली.

त्याच काळात योक्काइची शहरातली केस बघा. तिथे सहा कंपन्यांच्या चिमण्या, सगळ्यांचा धूर एकत्र मिसळलेला, आणि दम्याचे नऊ पेशंट. प्रत्येक कंपनी म्हणू शकते की एकट्या माझ्या धुराने कोणी आजारी पडलं नसतं. १९७२ मध्ये कोर्टाने सहाही कंपन्यांना मिळून जबाबदार धरलं. तुम्ही शेजारी शेजारी आहात, सगळ्यांचा धूर मिळून माणूस आजारी पडतोय, तर वाटणी तुम्ही आपसात करा, पेशंटला मोजायला लावू नका.

अलीकडचं उदाहरण लंडनचं. २०१३ मध्ये नऊ वर्षांची एक मुलगी दम्याने गेली, घर अत्यंत वर्दळीच्या रस्त्याजवळ, तीन वर्षांत पंचवीसपेक्षा जास्त वेळा हॉस्पिटलमध्ये. पहिल्या मृत्यू-चौकशीत प्रदूषणाचा विषयच निघाला नाही. आईने हार मानली नाही, एका तज्ज्ञ प्राध्यापकांनी मुलीचे आजारी पडायचे दिवस आणि जवळच्या मोजणी केंद्रावरचे हवेचे आकडे समोरासमोर ठेवले, हायकोर्टाने जुनी चौकशी रद्द केली, आणि डिसेंबर २०२० मध्ये नवीन चौकशीत मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण लिहिलं गेलं. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदा झालं. इथे लक्षात घ्या, प्रदूषणाने दमा वाढतो हे सगळ्या जगाला माहित होतं, पण ‘या’ मुलीचा, ‘या’ दिवसांत वाढला हे दाखवायचं होतं. कायद्यात ही दोन वेगवेगळी ओझी आहेत, या विषाने असा आजार होऊ शकतो का हे एक, आणि या माणसाला त्यामुळेच झाला का हे दुसरं. हवेचे आकडे रोज नोंदवले जात होते म्हणून दुसरं ओझं उचलता आलं. कुणीतरी रोज मोजतंय आणि ते जपून ठेवतंय, याची किंमत अशा वेळी कळते.

पहिलं ओझं उचलायचा एक वेगळाच मार्ग अमेरिकेत निघाला. वेस्ट व्हर्जिनियामध्ये पार्कर्सबर्ग या गावाजवळ ड्यूपाँट कंपनीची फॅक्टरी होती, भांड्यांच्या नॉनस्टिक थरासाठी लागणारं मटेरियल तिथे बनायचं. १९९८ मध्ये तिथला एक शेतकरी रॉब बिलट नावाच्या वकिलाकडे गेला, माझ्या गाई मरतायत म्हणून. बिलट ज्या फर्ममध्ये होते ती फर्म एरवी केमिकल कंपन्यांचीच वकिली करायची, तरी त्यांनी केस घेतली. कोर्टामार्फत कंपनीकडची कागदपत्रं मागवली तर खोकीच्या खोकी आली, एक लाख दहा हजार पानं, बहुतेक समोरच्यांना वाटलं असेल की माणूस यात बुडून जाईल. त्यांनी ती जमिनीवर पसरून महिनोन्महिने वाचली. त्यातून नॉनस्टिक मटेरियल बनवताना वापरलं जाणारं पीएफओए हे केमिकल बाहेर आलं, आणि कंपनीने १९८४ मध्येच आसपासच्या गावांतलं नळाचं पाणी गुपचूप तपासलं होतं, त्यात ते सापडलंही होतं, हे बाहेर आलं.

पुढे हजारो लोकांच्या वतीने एकत्र दावा झाला आणि २००४ मध्ये तडजोड झाली, पण तडजोडीत नुसते पैसे नव्हते. दोन्ही बाजूंनी मान्य केलेले तीन साथरोगतज्ज्ञ नेमायचे, त्यांनी अभ्यास करायचा, आणि ज्या आजारांशी या केमिकलचा संबंध निघेल त्या आजारांबाबत ‘हे केमिकल असं करूच शकत नाही’ असा बचाव कंपनीने करायचा नाही. जे आजार यादीत येणार नाहीत त्यांच्यासाठी लोकांनी दावा करायचा नाही. दोघांसाठीही जुगारच होता. अडचण एकच, अभ्यासाला रक्त द्यायला लोक येणार कुठून? मग भरपाईच्या पैशांतूनच रक्त देणाऱ्याला आणि प्रश्नावली भरणाऱ्याला मिळून ४०० डॉलर द्यायचं ठरलं, आणि जवळपास ६९,००० लोक आले. इतका मोठा आरोग्याचा सर्व्हे एका कोर्टकेसमधून उभा राहिला! २०१२ पर्यंत तज्ज्ञांनी सहा आजारांशी संबंध जोडला, किडनीचा कॅन्सर, वृषणाचा कॅन्सर, थायरॉइड, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातलं ब्लडप्रेशर आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. २०१७ मध्ये साडेतीन हजारांच्या आसपास वैयक्तिक दावे ६७ कोटी १० लाख डॉलरला मिटले. शेतकरी वकिलाकडे गेला त्याला तोवर १९ वर्षं झाली होती.

ही कागद मागवायची ताकद म्हणजे कोर्टाचं खरं हत्यार आहे असं माझं मत आहे. आपण पत्र लिहिलं तर कंपनी उत्तर देत नाही, पत्रकाराने विचारलं तर ‘प्रतिक्रिया नाही’ म्हणते, कोर्टाने सांगितलं की द्यावं लागतं. तंबाखू कंपन्यांचं तेच झालं, १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या राज्यांनी आजारपणाच्या खर्चासाठी केसेस टाकल्या आणि कंपन्यांच्या आतली लाखो पानं सार्वजनिक झाली, आजही कुणालाही वाचता येतात. १९९८ मध्ये ४६ राज्यांबरोबर तडजोड झाली त्यात पैसा प्रचंड होताच, पण त्या पानांनी पुढे जगभरच्या तंबाखूविरोधी कायद्यांना बळ दिलं. अर्थात सगळ्या देशांत कागद मागवायचा हक्क इतका मोठा नाही, बऱ्याच ठिकाणी नेमका कुठला कागद हवा ते आधी सांगावं लागतं. तिथे माहिती अधिकाराचे कायदे कामाला येतात. परवाना कुठल्या अटींवर दिला, तपासणी कधी झाली, रिपोर्टमध्ये काय आकडे होते, हे सरकारी दप्तरातून काढता येतं आणि खूप केसेस तिथेच अर्ध्या उभ्या राहतात.

चूक कुणाची हाही एक गुंता आहे. कंपनी म्हणते, आम्ही सगळी काळजी घेतली होती, तरी अपघात झाला. १८६८ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने एक नियम घालून दिला होता, एका गिरणीमालकाने बांधलेल्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं त्या केसमध्ये. तुमच्या जागेत धोकादायक वस्तू आणून ठेवलीत आणि ती निसटली तर निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही, तुम्ही जबाबदार. पण पुढे त्याला अपवाद जोडले गेले, दैवी आपत्ती, तिसऱ्याच माणसाचा हात वगैरे. १९८५ मध्ये दिल्लीत एका खत कारखान्यातून ओलियम गॅस गळला, भोपाळला जेमतेम एक वर्ष झालेलं, आणि भारताच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हे एकोणिसाव्या शतकातले अपवाद आता चालणार नाहीत, घातक धंदा करून नफा कमवताय तर त्यातून झालेल्या हानीची जबाबदारी पूर्ण, कुठलीही सबब नाही. वर असंही म्हटलं की कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या केसमध्ये आणखी दोन तत्त्वं देशाच्या कायद्यात आणली, जो घाण करेल तो निस्तरायचा खर्च देईल, आणि गंभीर धोका दिसत असेल तर पक्कं विज्ञान यायची वाट न बघता आधी काळजी घ्यायची. या दुसऱ्यालाच सावधगिरीचं तत्त्व म्हणतात, १९९२ च्या रिओच्या जागतिक जाहीरनाम्यात ते आहे. ते नसतं तर प्रत्येक वेळी आधी माणसं आजारी पडू देत, मग मोजू, असं झालं असतं.

पण हे सगळं कोर्टात उभं राहू दिलं तर. दारातच विचारतात, तुमचा यात संबंध काय? तुमचं स्वतःचं नुकसान काय झालं? जंगल तुटलं तर नुकसान सगळ्यांचं, म्हणजे कायद्याच्या जुन्या नजरेने कुणाचंच नाही. भारतात १९८० च्या दशकात जनहित याचिकांनी हे दार बरंच उघडलं. फिलिपिन्समध्ये मुलांच्या वतीने एक केस गेली, लाकूडतोडीचे परवाने रद्द करा म्हणून, आणि १९९३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की ही मुलं स्वतःसाठीच नाही तर अजून जन्माला न आलेल्या पिढ्यांसाठीही दाद मागू शकतात. एप्रिल २०२४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात एकाच दिवशी आलेल्या निकालांपैकी दोन तर शेजारी शेजारी ठेवून वाचावेत असे. स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्या बायकांच्या संघटनेने सरकारविरुद्ध केस केली होती, उष्णतेच्या लाटेत आमच्या वयाच्या बायका जास्त मरतात आणि सरकार हवामानबदलावर पुरेसं करत नाही. त्या जिंकल्या. गंमत अशी की संघटनेला उभं राहायचा हक्क मिळाला, पण सोबत स्वतःच्या नावाने आलेल्या चार बायकांना मिळाला नाही. आणि त्याच दिवशी पोर्तुगालच्या सहा तरुण मुलामुलींची केस फेटाळली गेली, एक कारण असं की ते आपल्या देशातल्या कोर्टांत आधी न जाता थेट वर आले होते. मुद्दा दोन्हीकडे जवळपास तोच होता! कुठलं दार आधी ठोठवायचं, एकट्याने जायचं की संघटना करून जायचं, या रटाळ वाटणाऱ्या गोष्टींवर केस जगते किंवा मरते.

दार कुठल्या देशातलं हाही प्रश्न आहे. झांबियामधल्या तांब्याच्या खाणीने नद्या खराब झाल्या म्हणून १,८२६ गावकऱ्यांनी केस केली ती थेट इंग्लंडमध्ये, कारण खाणीची मालक असलेली वेदांता कंपनी तिथे नोंदलेली होती. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने केस इथे चालेल असं सांगितलं, आणि २०२१ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता तडजोड केली. खाली कंपनी, तिच्यावर कंपनी, तिच्यावर आणखी एक, अशी उतरंड असते आणि प्रत्येकजण वर नाहीतर खाली बोट दाखवतो, त्यामुळे हा निकाल महत्त्वाचा.

सरकारविरुद्धच्या केसेस थोड्या वेगळ्या चालतात, आणि एका अर्थाने सोप्याही. तिथे कोण कशाने आजारी पडलं हे सिद्ध करायची गरजच नसते, तुम्ही कायद्यात हा आकडा लिहिलाय आणि हवेतला आकडा तो नाही, बस. ब्रिटनमध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची मर्यादा २०१० पासून लागू होती आणि पाळली जात नव्हती, क्लायंटअर्थ ही वकिलांची संस्था कोर्टात गेली, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन आराखडा करायला लावला. आराखडा आला तो कच्चा, २०१६ मध्ये परत जिंकले. परत आला, २०१८ मध्ये परत जिंकले. तीनदा जिंकावं लागलं! नेदरलँड्समध्ये उर्जेंडा ही संस्था आणि ८८६ नागरिक सरकारविरुद्ध गेले, २०१५ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले, आणि २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायम केलं की १९९० च्या तुलनेत २०२० पर्यंत सरकारने हरितगृह वायू कमीत कमी २५ टक्क्यांनी कमी करायलाच हवेत. कसे करायचे ते कोर्टाने सांगितलं नाही, ते तुम्ही ठरवा म्हणाले. कोर्ट धोरण ठरवायला लागलं तर निवडून दिलेल्यांचं काम काय, हा आक्षेप नेहमी येतो आणि तो मला पूर्ण चुकीचा वाटत नाही, म्हणूनच ‘कुठे पोचायचं ते कायद्याने, कसं पोचायचं ते तुम्ही’ ही वाटणी मला पटते.

आता दुसरी बाजू, कारण हे वाचून कुणी उद्या घाईत केस टाकू नये. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण उगीच नाही आलेली. वर्षं जातात, दहा-पंधरा सहज, आणि आजारी माणसाकडे तेवढी वर्षं नसतात. तज्ज्ञांचे रिपोर्ट, लॅबच्या चाचण्या यांचा खर्च वकिलाच्या फीपेक्षा जास्त होऊ शकतो. काही देशांत हरलात तर समोरच्याचा खर्चही तुमच्या डोक्यावर बसतो, यामुळेच मुख्यतः युरोपातल्या देशांनी केलेल्या १९९८ च्या आर्हूस करारात पर्यावरणाच्या केसेस न परवडण्याइतक्या महाग नसाव्यात असं लिहिलंय. मुदतीचा कायदा आहे, ठराविक वर्षांत दावा टाकला नाही तर दार बंद, जरी बऱ्याच ठिकाणी घड्याळ आजाराचं कारण कळल्यापासून मोजतात तरी वकिलाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा. आणि उलट केस होऊ शकते. कंपनी तुमच्यावरच बदनामीचा मोठा दावा टाकते, जिंकण्यासाठी नाही तर तुम्ही थकावं, घाबरावं म्हणून. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये अशा तोंड बंद करणाऱ्या केसेसविरुद्ध खास कायदा केला, पण सगळीकडे असं संरक्षण नाही. म्हणून बोलताना आणि लिहिताना जेवढं कागदावर आहे तेवढंच बोलावं, ‘ही फॅक्टरी लोकांना मारतेय’ यापेक्षा ‘अमुक तारखेच्या सँपलमध्ये मर्यादेपेक्षा इतकं जास्त निघालं’ हे वाक्य जास्त टोचतं आणि तुम्हाला वाचवतं.

तडजोडीबद्दलही सांगायला हवं. मध्येच समोरून पैसे येतात, थकलेल्या माणसाला ते नाकारणं सोपं नसतं आणि नाकारावंच असंही नाही. पण सही करताना काय सोडून देतोय ते बघायचं, मिनामाताचं ते कलम आठवा. भोपाळमध्ये भारत सरकारने सगळ्या पीडितांच्या वतीने सुरुवातीला ३३० कोटी डॉलर मागितले होते, १९८९ मध्ये ४७ कोटींवर मिटलं, तोपर्यंत किती लोक किती आजारी आहेत याची मोजणीही पूर्ण झालेली नव्हती. नंतर जास्त भरपाई मागितली ती सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये नाकारली, मिटलेलं प्रकरण आता उघडता येणार नाही म्हणून. वेस्ट व्हर्जिनियाची तडजोड आणि ही तडजोड यातला फरक मला सारखा जाणवतो, तिथे आधी आजार मोजायची सोय केली मग रक्कम ठरली, इथे रक्कम आधी ठरली.

मग सामान्य माणसाने काय करायचं? वकील गाठायच्या आधी वही घ्यायची. वास कधी आला, पाण्याचा रंग कधी बदलला, वारा कुठून होता, त्या दिवशी घरात कोण आजारी पडलं, तारीख आणि वेळ टाकून लिहायचं, त्याच दिवशी लिहायचं. फोटो काढले तर मूळ फाइल जपायची, फॉरवर्ड होऊन होऊन आलेला फोटो कोर्टात लंगडा पडतो. दवाखान्याचा एकही कागद टाकायचा नाही. पाण्याचं सँपल स्वतः बाटलीत भरून कपाटात ठेवण्यात काही अर्थ नाही, मान्यताप्राप्त लॅबचा माणूस बोलवून, सील करून, कुणी घेतलं कुणाकडे दिलं याची साखळी लिहून घेतली तरच ते टिकतं, आणि शक्य असेल तर वरच्या बाजूचं आणि खालच्या बाजूचं अशी दोन सँपल्स घ्यावीत, म्हणजे मध्ये काय मिसळलं ते दिसतं. तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. उत्तर नाही आलं तरी ती पोच पुरावा असते, यंत्रणेला माहिती होतं आणि ती गप्प बसली याचा. शेजाऱ्यांनाही सोबत घ्यायचं, कारण एकाचा खोकला हा खोकला असतो आणि एकाच गल्लीतल्या चाळीस घरांचा खोकला हा नकाशा असतो.

आणि निकाल लागला म्हणजे संपलं असं अजिबात नाही. मनिला उपसागर साफ करा म्हणून नागरिकांनी १९९९ मध्ये केस केली, २००८ मध्ये फिलिपिन्सच्या सुप्रीम कोर्टाने सरकारी खात्यांना आदेश दिला आणि केस बंद न करता दर तीन महिन्यांनी प्रगतीचा रिपोर्ट आणून द्या असं बजावलं. याला चालू ठेवलेला आदेश म्हणतात, ही कल्पना त्यांनी भारताच्या सुप्रीम कोर्टाकडून घेतली. अर्जेंटिनात रिआचुएलो नदीच्या केसमध्येही २००८ चा निकाल देऊन तिथलं सुप्रीम कोर्ट थांबलं नाही, पुढची कित्येक वर्षं अंमलबजावणीवर लक्ष ठेवून राहिलं. तरीही या दोन्ही ठिकाणचं पाणी अजून स्वच्छ झालेलं नाही, हेही खरं. न्यायाधीश नदीकाठी उभे राहू शकत नाहीत, कुणीतरी उभं राहावं लागतं.

ते कुणी राहिलं ते सांगून थांबतो. जपानमध्येच जिंझू नदीच्या काठी एक आजार होता, इताई-इताई, त्याचा अर्थच ‘दुखतंय, दुखतंय’. वरच्या खाणीतून येणारं कॅडमियम भातात उतरायचं आणि बायकांची हाडं इतकी ठिसूळ व्हायची की नुसत्या खोकल्यानेही मोडायची. मित्सुई कंपनीविरुद्धची केस लोक १९७१ मध्ये जिंकले, ऑगस्ट १९७२ मध्ये अपिलातही जिंकले, आणि लगेच कंपनीच्या मुख्य ऑफिसात जाऊन बसले. भरपाईचा कागद झाला, खराब झालेली शेतं दुरुस्त करायचा झाला, पण त्यांनी तिसराही एक कागद करून घेतला, आम्हाला वाटेल तेव्हा आम्ही आमचे तज्ज्ञ घेऊन खाण आणि कारखाना आतून तपासणार, सँपल घेणार, कागदपत्रं बघणार, आणि खर्च कंपनी देणार. तेव्हापासून दरवर्षी शेतकरी, वकील आणि शास्त्रज्ञ मिळून तपासणीला जात आले. शेतांची माती बदलायचं काम २०१२ मध्ये संपलं. नदीतलं कॅडमियम हळूहळू नैसर्गिक पातळीच्या जवळ आलं. ज्यांनी केस केली त्यांची पुढची पिढी आता हेल्मेट घालून त्या गेटमधून आत जाते.